ज्यानं नेली त्यानं आणावी

सांगली, घाटाजवळ
भाद्रपद, १९७३

श्रीयुत लालासाहेब पावणं यांच्या पायाशी आकाराम याचा मानाचा रामराम पोचावा.

आपणां सर्वांची प्रकृती उत्तम असेल अशी खातरी बाळगतो. वहिनीसाहेबांचा गुडघा, आपली मिलिटरीत धरलेली कंबर आणि दारातली ती मारकी म्हैस या तिघांचीही खुशाली सवडीने कळवावी. इकडे माझे सर्व क्षेम आहे. (पावणं, एवढं शुद्ध लिवताना घाम फुटला बगा. ह्याच्या फुडं आपल्या बोलीत लिवतो. तुमी पलटणीतनं निम्मं हिंदी घालून पत्रं धाडायचा, तवा आमी काय बोललो व्हतो का?)

नव्या जागंची हकिकत तुमास्नी कळवावी, एवढ्याच कारणानं लिवतोय. दुसरं कसलंबी कारण न्हाई. आता नोकरी मिरजंच्या कारखान्यात, तर जागा सांगलीत का, असं तुमी विचारणार. इकडची रीतच तशी हाय. जो सांगलीत ऱ्हातो तो मिरजंला कामाला जातो, आन् जो मिरजंत ऱ्हातो तो सांगलीला येतो. सकाळी दोन्हीकडनं बशी भरून निघत्यात, विश्रामबागंपाशी एकमेकीला ओलांडत्यात, आन् ह्या बशीतली माणसं त्या बशीतल्यास्नी बगून म्हणत्यात, काय येडी माणसं हायती ही! एक दिवस सगळ्यांनी घरं अदलाबदल केली तर समदी चालत कामाला जातील. पण आपली जागा सोडून अलीकडं यायची कुणाची तयारी न्हाई. (ह्या वाक्याचा तुमच्या-आमच्या भानगडीशी काय संबंध न्हाई. कुणी लावला तर लावूद्या.)

जागा बघितली वैशाखात. गेल्या सालचा दुष्काळ तुमी बी बघितलाय, मी बी सुकडी खाल्लीय. तवा नदीत पाण्यापरास वाळू जास्त व्हती. घरमालकीण शालूबाई. विधवा बाई, एकट्याच, खालती ऱ्हात्यात. वरची खोली, सैपाकघर आन् नदीवरचा सज्जा त्या भाड्यानं देत्यात. मी सज्जात उभा ऱ्हायलो, गार वारा आला, आन् मला दिसलं की हितं अंजना सूप घिऊन तांदूळ निवडत बसंल. (हे वाक्य तुमच्यासाठी न्हाई, गाळून वाचा.) शालूबाईंनी नळ कवा येतो, जिना कवा झाडायचा, खिळा कुठं ठोकायचा न्हाई, सगळं सांगितलं, आन् शेवटी म्हणाल्या, "सड्या माणसाला जागा द्यायची नाही मला. घरात सवाशीण हवी." मी छाती फुगवून म्हणलं, हाय की! रहिमतपुरात आईपाशी हाय, पंचमीचा सण झाला की घिऊन येतो.

पंचमीला तुमी मुराळी हून आलासा आन् बहिणीला, अंजनाला, माहेरी घिऊन गेलासा. लय चांगलं केलंसा. मंग पंचमी झाली, राखी झाली, गौरी-गणपती आलं तसं गेलं. आमची आई मनुबाई काय म्हणती, तर ज्यानं नेली त्यानं आणावी. आमच्यात तशीच चाल हाय. तुमी कोरेगावच्या बाजारात आमच्या माणसाला काय सांगितलं, तर ज्याची हाय त्यानं न्यावी. तुमच्यात बी तशीच चाल असंल, मी काय खोटं म्हणत न्हाई. दोन्ही घराण्यांचा मान डोंगरायवढा. अंजनाचं गाठोडं तेवढं एवढंसं, आन् ते तुमच्या सोप्यात बांधून तसंच पडलंय, असं कानावर आलं.

हिकडं माझे हाल कुत्रं खात न्हाई. नळ आला की बायकांची रांग लागती, तिथं एकट्या बाप्यानं कळशी घिऊन उभं ऱ्हायचं म्हंजी चोरी केल्यासारखं. सगळ्या माझ्या कळशीकडंच बगत्यात. म्हणून मी धुणं घिऊन घाटावर जायला लागलो. तिथं पयल्याच दिवशी साबण पकडायला गेलो आन् कामावरची खाकी विजार हातातनं सुटली. मी काठानं पळतोय, ती मधनं डौलात चाललीय! घाटावरचं लोक हसत सांगाय लागलं, आता थेट हरिपूरला संगमावर गाठा. त्या दिवशी मी कारखान्यात लग्नातलं धोतर नेसून गेलो. सायबानं विचारलं, आज काय घरी सत्यनारायण हाय का? मी व्हय म्हणलं. दुसऱ्या दिवशी त्यानं प्रसाद मागितला.

आता खरी कथा ऐका. श्रावणात कोयनेचं पाणी सोडलं आन् नदी घाटाच्या पायऱ्या गिळत वर आली. सगळं गाव आयर्विन पुलावर पाणी बगायला. आमच्या गल्लीत अशी चाल हाय, की पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं की घराघरातल्या सवाशिणीनं जाऊन कृष्णामाईची ओटी भरायची. मंग माई माहेरवाशिणीसारखी तृप्त हून माघारी जाती. सगळ्या घरांची ओटी झाली, पाणी काय हलंना. मंग गल्लीची नजर आमच्या सज्जाकडं वळली. शालूबाई जिन्यात यिऊन बसल्या. म्हणाल्या, मालक गेल्यापासनं ह्या घराची ओटी भाडेकरणीच्याच हातनं जाती, म्हणून तर मी सवाशीण मागते; कुठं आहे तुमची बायको? त्यांच्या डोळ्यात पाणी व्हतं, पावणं. मी खण, नारळ, तांदूळ घिऊन उठलो, दिवस मावळताना घाटावर गेलो, आन् "अंजनाच्या वतीनं" असं मोठ्यानं म्हणून ओटी पाण्यात सोडली. टोपी काढू का ठिवू हेच कळंना, म्हणून निम्मी काढली.

समोरची बनाबाई तिच्या खिडकीतनं बगत व्हती. तिनं जी बोंब ठोकली, अगं बया, बाप्यानं ओटी भरली! ती हरिपुरापतोर गेली असंल. सकाळी पाणी उतरलं. (कोयनेची दारं मिटली म्हणून उतरलं, पण हे गल्लीत बोलायची सोय न्हाई.) शालूबाईंनी निकाल दिला, की बाप्याची ओटी म्हंजी नुसती उसनवारी, घटस्थापनेपतोर खरी सवाशीण यिऊन माईची ओटी भरंल, न्हाईतर बोजा आवरा. बनाबाईनं तर गल्लीभर सांगितलं, की ह्याला बायकोच न्हाई, असती तर तिनं श्रावण-भादवा दोन्ही माहेरी काढलं असतं का?

एवढ्यावर भागलं न्हाई. परवाच्या रविवारी त्याच बनाबाईनं मला पोहं खायला बोलिवलं. मी कवाधरनं स्वतःच्या हातचा पिठलं-भात खातोय, पोह्याचं नाव काढल्यावर पळतच गेलो. तिथं विट्याकडचं पावणं बसलेलं, त्यांच्या पोरीनं बशी आणून दिली. मी खाली मान घालून खाल्लं. बशी रिकामी झाल्यावर पोरीचा बाप म्हणला, काय इचारायचं असंल तर इचारा. मला वाटलं, लाजू नका म्हणतोय. मी इचारलं, आणिक हाय का? झालं! मुलाला मुलीच्या हातचं आवडलं म्हणून त्यांनी साखर वाटली. साखर तोंडात पडल्यावर माझी ट्यूब पेटली. मी बोंबलून सांगतोय, माझं लगीन झालंय, तर बनाबाई म्हणती, लाजतोय. दसऱ्याला सुपारी फोडायला येणार हायती ती माणसं. आता तुमीच सांगा, मी बायको दाखवू कुठनं?

असो. आमचं काय, चाललंय. बाकी हितं हवा चांगली हाय, वांगी लय चवदार हायती. वहिनींना नमस्कार, पोरास्नी आशीर्वाद, म्हशीला लांबूनच रामराम.

आपला,
आकाराम

ता.क. घटस्थापनेला मी कामानं साताऱ्याला जातोय. (काम निघंल कायतरी.) दुपारच्या पॅसिंजरनं माघारी सांगलीला येणार. ही गाडी कोरेगावला थांबती. मी डब्यातच बसून ऱ्हाणार, माझा पाय तुमच्या फलाटाला लागणार न्हाई. म्हंजी मी न्यायला आलो असं कुणी म्हणू शकत न्हाई. तुमी फलाटावरच उभं ऱ्हावा, तुमचा पाय आमच्या उंबऱ्याला लागत न्हाई. म्हंजी तुमी आणून घातली असंबी व्हत न्हाई. मधल्या मधी अंजना आपली आपण गाडीत बसली, तर कुणाचा मान गेला? गाडी सरकारची हाय. तिला ना सासर ना माहेर.

ता.क. दुसरा. हे पत्र अंजनाला अजिबात दाखवू नका. वहिनींना वाचून दाखवा, पण पोह्याचा मजकूर जरा मोठ्यानं वाचा. ती दाराआड उभी असणारच.

ता.क. तिसरा. रहिमतपूरला जाऊन आईला हा बेत सांगितला. तिला वाटलं मी तिची चाल मोडतोय, म्हणून दिवसभर भांडी आपटत ऱ्हायली. संध्याकाळी ओटीचा खण माझ्या पिशवीत घातला आन् म्हणली, "मुडद्या, डब्यात बसून ऱ्हा आन् परत मोकळाच ये." मला अर्थ कळायला जरा वेळ लागला.

ता.क. शेवटचा. हे मात्र लय मोठ्यानं वाचा. अंजे, गाडी थांबती ती घटकाभर. तेवढ्यात तुझा पदर सावरून व्हत न्हाई, मला ठावं हाय, आन् गाठोडं बी भावाला उचलू देणार न्हाईस. म्हणून साताऱ्याला बितऱ्याला मी जातच न्हाई. सकाळच्याच गाडीनं यिऊन कोरेगावच्या फलाटावर उभा ऱ्हातो. तू सवडीनं ये.