लॉट २१४ आणि पोळ्याच्या शुभेच्छा

११ ऑगस्ट, सोम.
आजपासून पत्रव्यवहाराची खुर्ची. दीड वर्ष याच पशुखाद्य कंपनीच्या स्टोअरमध्ये ढेपेच्या, म्हणजे सरकीच्या पेंडेच्या, पोत्यांच्या नोंदी केल्या, आता टेबल, पंखा आणि खिडकी. खिडकीतून लोडिंगचा फलाट दिसतो, पलीकडे कळमेश्वरचा रस्ता. देशकर साहेब म्हणाले, "बोरकर मॅडम, तुमची भाषा वजनदार आहे, म्हणून तुम्हाला घेतलं. तीन महिने प्रोबेशन, मग कायम." वजनदार तर असणारच. एम.ए. मराठी, वक्तृत्वाच्या सात ढाली नागपुरात महालातल्या घरी कपाटावर धूळ खातायत. आईला फोन केला. तिने लगेच शेजारी सांगितलं, मुलगी कायम झाली म्हणून. अजून व्हायची आहे, पण आईला कोण थांबवणार.

१३ ऑगस्ट, बुध.
नाकाला मिरच्या झोंबल्या आज.
ट्रकवाल्याला पत्र दिलं. "उपरोक्त विषयास अनुसरून" पासून "सहकार्याची अपेक्षा" पर्यंत एक पान, एकही चूक नाही. ड्रायव्हर ते घेऊन फलाटावर रामटेके काकांकडे गेला. काका म्हणजे लोडिंगचे मुकादम, सातवी शिकलेले, पुढच्या वर्षी रिटायर. मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी माझं पत्र वाचलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला लिहिलं:
गाडी ३ नंबर गोदामाले लाव. ४ च्या आधी. ताडपत्री आण.
साडेतीनला गाडी ३ नंबरला, ताडपत्रीसकट. माझ्या पानात हे सगळं होतं. शेवटून दुसऱ्या वाक्यात.

१४ ऑगस्ट, गुरु.
रागारागात त्यांच्या जुन्या चिठ्ठ्या पाहायला गेले. फलाटावर तारेला अडकवलेला गठ्ठा आहे. चुका काढायच्या म्हणून बसले आणि जेवणाची सुट्टी संपली तरी वाचतच राहिले.
एकाही चिठ्ठीत काम दुसऱ्या ओळीवर नाही. काय करायचं ते आधी. मग कधी. कारण सांगायचं तर शेवटी, चार शब्दांत. "लवकर", "योग्य ती", "शक्य तितकी" असले शब्दच नाहीत. विचारलं, काहून? तर म्हणाले, "एकदा म्या लिवलं होतं, लवकर ये. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याच्या हिशेबानं ते लवकरच होतं न वं बाई."
आणि आणखी एक पाहिलं. चिठ्ठी दिली की ते ड्रायव्हरला जाऊ देत नाहीत. "आता मले सांग, तू काय करशीन?" त्याने बरोबर सांगितलं तर, जा. चुकीचं सांगितलं तर काका त्याला बोलत नाहीत. स्वतःचीच चिठ्ठी फाडतात, नवी लिहितात. आज एकासाठी तीनदा फाडली. मी असते तर त्या ड्रायव्हरला अकलेचा कांदा म्हटलं असतं. म्हटलं, काका, त्यालाच समजत नाही तर तुम्ही काय करणार? "त्याले समजलं नाही मंजे माह्याच लिवण्यात खोट हाय. गाडी तर त्यालेच चालवाची हाय."
सात ढाली. कोणीही मला हे सांगितलं नाही.

१८ ऑगस्ट, सोम.
भानगड झाली आहे. २ नंबर गोदामाचं छत गळतं, त्या कोपऱ्यातला लॉट २१४ ओला झाला होता आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत गेला. लॅबवाल्यांनी ठेवलेला नमुना आज तपासला. बुरशी. जनावराला घालूच नका म्हणाले, दुभतं असो की बैल. एकोणीस डीलरांकडे माल पोचलाय.
साहेब घामाघूम. "पत्र काढा, पण घाबरवू नका. शुक्रवारी पोळा आहे. शुभेच्छा द्या आणि खाली हळूच सांगा."
खरं लिहायचं तर मला हे पत्र लिहिताना मजा आली. 'बळीराजाच्या सर्जा-राजाच्या या मंगल सणानिमित्त आमच्या परिवारातर्फे हार्दिक शुभेच्छा' ही सुरुवात. मग कंपनीची परंपरा. मग गुणवत्तेचा ध्यास. चौथ्या परिच्छेदात 'काही तांत्रिक कारणास्तव लॉट क्र. २१४ च्या वितरणाबाबत पुनर्विचार करण्यात येत असून तूर्तास सदर साठा राखून ठेवणे उचित ठरेल.' साहेब म्हणाले, वा. सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं.
चिठ्ठ्या वाचून चार दिवस झाले होते फक्त. पण साहेबांच्या एका 'वा' पुढे सगळं विसरले.

१९ ऑगस्ट, मंगळ.
दुपारपर्यंत सोळा उत्तरं. इतकं कधी कुणी उत्तर देत नाही, म्हणून मी हवेत. फलाटावर जाऊन काकांना मोबाइल दाखवला. ते एकेक खाली सरकवत गेले.
"🙏 आपल्यालाही पोळ्याच्या शुभेच्छा."
"सेम टू यू मॅडम."
एकाने सजवलेल्या बैलाचा फोटो. एकाने तर पत्राचं पहिलं पान त्याच्या गावच्या ग्रुपवर टाकलं होतं, शुभेच्छा म्हणून.
काका म्हणाले, "पोते किती परत आले?"
एकही नाही.
मग त्यांनी पत्र पूर्ण वाचलं. मोबाइल लांब धरून, ओठ हलवत. सगळं. कंपनीची परंपराही. आणि म्हणाले, "छान हाय. समज मी डीलर. आता मी काय करू?"
दोन पानं लिहिली होती आणि या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हतं.

२० ऑगस्ट, बुध.
सकाळी साहेबांकडे. दुसरं पत्र काढू म्हटलं. "पत्र गेलंय ना? रेकॉर्डवर आहे. पोळा होऊ द्या, सोमवारी बघू. आणि बुरशी हा शब्द कुठेही येता कामा नये."
काकांना सांगितलं. ते उठून उभेच राहिले. "सोमवारी? बाई, लोकं चांगलं पोतं पोळ्यासाठी राखून ठेवते. वर्षभर राबला तो बैल, त्या दिवशी त्याले चांगलं खाऊ घालते. जे पोतं आज बंद हाय न, ते शुक्रवारी सकाळी उघडन."
हे माझ्या डोक्यातच नव्हतं. महालात राहणारी मी, माझा पोळा म्हणजे सुट्टी आणि दुसऱ्या दिवशी पोरांनी मिरवायचा लाकडी बैल.
जेवणाच्या सुट्टीत फलाटावर बसून लिहिलं. पहिल्या खर्ड्यात 'कळविण्यास खेद होतो' होतं. काका म्हणाले, "खेद नंतर. आधी त्याचा हात थांबव." दुसऱ्यात लॉट नंबर कुठे पाहायचा ते नव्हतं. तिसऱ्यात कधीपर्यंत ते नव्हतं. प्रत्येक वेळी ते डीलर होत आणि हे वाचून आपण काय करू ते मला सांगत. चुकीचं सांगितलं की मी फाडायचं. चार वेळा फाडलं. पाचवं हे:

लॉट २१४ चं पोतं विकू नका. जनावराला देऊ नका.
त्यात बुरशी आहे. चूक आमची आहे.
पोत्याच्या शिवणीजवळ निळ्या शाईत २१४ दिसेल.
विकलं असेल तर घेणाऱ्याला आजच गाठा. पोळ्याला ते पोतं उघडू देऊ नका.
किती पोती उरली, किती विकली, मला आज ५ पर्यंत कळवा. गाडी आम्ही पाठवू, पोतं बदलून देऊ.
वाचलं की फक्त २१४ एवढं उत्तर पाठवा.

शेवटची ओळ काकांची. "म्हंजे नमस्काराचा हात आला तर समजजो, वाचलं नाही."
साहेबांना फोन केला. दोनदा. उचलला नाही. मनातून बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. एक वाजून दहा मिनिटांनी पाठवलं. माझ्या नावाने.

संध्याकाळ. चौदा वेळा २१४.
एकजण: "मॅडम, हे आधी काहून नाही सांगितलं?" सांगितलं होतं, असं टाइप केलं. पुसलं. मी नव्हतंच सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं.

२१ ऑगस्ट, गुरु.
आज आणखी चार. अठरा झाले. काकांनी गाड्या लावल्या, पोती येऊन राहिली आहेत. फाटकी, ओली, काही दोरी सुटलेली. दोघांकडची विकलेली पोतीही घराघरातून परत आणली लोकांनी.
उरला एक, कोंढाळीकडचा. काल रात्री फक्त एवढंच आलं होतं त्याचं, "एक पोतं गेलं मंगळवारी." त्यानंतर मोबाइल बंद.
मंगळवारी. म्हणजे माझं शुभेच्छापत्र मिळाल्यावर. हातात पत्र असताना त्याने पोतं विकलं आणि त्याची काहीच चूक नाही.
दिवसभर दर अर्ध्या तासाने फोन लावला. साहेब आज हेड ऑफिसला होते. माझ्याशी कुणी बोललं नाही. फक्त काका येऊन चहा ठेवून गेले.

२२ ऑगस्ट, शुक्र. पोळा.
सुट्टी. सहापासून मोबाइल हातात. आई म्हणाली, कोणाचा फोन यायचा आहे वं? म्हटलं, बैलाचा.
आठ वाजून वीस मिनिटांनी फोटो आला. मोटरसायकल, मागे दोरीने बांधलेलं पोतं, शिवण शाबूत, निळ्या शाईत २१४. मागे अंगणात दोन बैल, शिंगं रंगवलेली, झूल घालायची बाकी.
मग कोंढाळीवाल्याचा फोन. परवा रात्री पावसात मोबाइल भिजला. पोतं नेणारी बाई कोण तेच त्याला आठवत नव्हतं, तीन गावं फिरला. सकाळी सापडली तेव्हा ती पोत्याची दोरी सोडायला विळा शोधत होती. म्हणाली, "पोतं नेता, मंग माह्या बैलाईले आज काय घालू?" त्याने आधीच दुसरं पोतं सोबत नेलं होतं. पत्रात लिहिलं होतं ना बदलून देऊ म्हणून, म्हणाला.
स्वयंपाकघरात जाऊन रडले. आईला वाटलं पुरणाची वाफ. काकांना फोन केला तर म्हणाले, "चला. आता जेव पोटभर." बस. मला वाटलं होतं शाबासकी देतील.

२३ ऑगस्ट, शनि.
मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक, गावाबाहेर नेऊन जाळतात. महालात पाय ठेवायला जागा नाही. सगळे ओरडून राहिले, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. मीही ओरडले, उपरोक्त विषय घेऊन जा गे मारबत. बाजूच्या काकूंनी पाहिलं माझ्याकडे.
घरी आले तर साहेबांचा मेल. नमनालाच घडाभर तेल. 'आपणांस विचारणा करण्यात येते की' पासून दोन पानं. मला नेमकं काय करायचंय ते शोधायला तीनदा वाचावं लागलं. दुसऱ्या पानाच्या तळाला सापडलं: विनापरवानगी पत्र पाठवलं, तीन दिवसांत लेखी खुलासा, समाधानकारक नसल्यास प्रोबेशन समाप्त.
राग येण्याआधी लाज वाटली. ही माझीच भाषा आहे. 'उचित ठरेल' सुद्धा आहे त्यात.
आईला काही बोलले नाही.

२५ ऑगस्ट, सोम.
काल बसून खुलासा लिहिला, चार पानं. पहिल्या पत्राला आलेल्या सोळा शुभेच्छा जोडल्या. दुसऱ्या पत्राला आलेले अठरा वेळा २१४ आणि मोटरसायकलवरच्या पोत्याचा फोटो जोडला. साहेबांनी काय सांगितलं होतं ते तारीखवार. एक वाक्य तर असं, की वाचून साहेबांची झोप उडाली असती.
काकांनी सगळं वाचलं. चहा थंड झाला त्यांचा.
"बाई, हे वाचून साहेबानं काय करावं?"
म्हटलं, त्यांना कळावं की चूक त्यांची आहे.
"ते त्याले कळलंच हाय. हेड ऑफिसात जाऊन आला न तो. मी इचारतो, त्यानं करावं काय?"
मी चारही पानं पुन्हा चाळली.
"तुले काय पाहिजे?"
ते चार पानांत कुठेच नव्हतं. बरोबर होतं सगळं, पुरावे होते, टोमणे होते. मला काय हवंय ते नव्हतं. ते लिहायची मला भीती वाटत होती. नाही म्हणाले तर?
"मंग ते वर लिव," काका म्हणाले आणि ट्रककडे गेले.

२६ ऑगस्ट, मंगळ.
दिलं.

मला या कामावर राहू द्या.
२० तारखेचं पत्र मी पाठवलं, परवानगी न घेता. तुम्हाला दोनदा फोन केला होता. तिसऱ्यांदा करायला हवा होता.
१८ तारखेचं पत्रही मीच लिहिलं. ते वाचून कुणी पोतं थांबवलं नाही. ती चूक माझी.
सगळी पोती परत आली आहेत. एकही जनावर आजारी नाही.
गोदामाचं छत अजून गळतं.

साहेबांनी उभ्यानेच वाचलं. मिनिटही लागलं नाही. कागद उलटा करून मागे पाहिलं, कोरा होता. "एवढंच?"
"हो साहेब."
"मग यावर मी काय करू?"
जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. "वर लिहिलंय साहेब. पहिली ओळ."
त्यांनी पुन्हा पाहिलं. बराच वेळ. ओळ चार-पाच शब्दांचीच आहे, इतका वेळ लागायचं कारण नाही. मग म्हणाले, "बरं. जा तुम्ही." कागद फाइलला लावला नाही. हातातच होता.
सुटल्यावर फलाटावर गेले. काका पोती मोजून राहिले होते, मान वर न करता विचारलं, "समजलं का त्याले?"
म्हटलं, समजलं.
"काय करतो म्हणे?"
म्हटलं, ते नाही सांगितलं त्यांनी अजून.