एमआरआयच्या दारात चांदीची डबी

जुळे सोलापूर, मंगळवार

मैंदर्गीकर मेहुणे शरणप्पा यांना कल्लप्पाचा शरणु शरणार्थी.

वहिनींचा गुडघा, तुमची तूर आणि तुमचा राग, तिन्ही बरे असतील. (फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून पत्र.)

तीन वर्षांपूर्वी माझ्या प्रोस्टेटचा कॅन्सर किरणांचा शेक देऊन हाकलला होता, हे तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा रक्त तपासलं तर त्यातला आकडा वर चढलेला. पाहुणा परत आलाय का, आला असेल तर कुठं दडलाय, हे बघायला डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. आज सकाळी तुमच्या बहिणीला, अक्कम्माला घेऊन गेलो. तिथली महेश्वरी नावाची पोरगी म्हणाली, अंगावरचं धातूचं सगळं काढा. घड्याळ, करदोट्याची किल्ली, तारेचे दोन दात (आता हसू नका) अक्कम्माच्या पिशवीत गेले. मग पोरीची नजर माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर पडली. झालं! जे लिंग मी आंघोळीतसुद्धा अंगावेगळं केलं नाही, ते मशीनसाठी काढू? अक्कम्मा दारात आडवी उभी राहिली आणि पोरीच्या सात पिढ्या कानडीत उद्धरल्या. पोरगी शांतपणे म्हणाली, "अज्जी, डबी तेवढी काढा की. लिंग ऱ्हाऊ द्या, कापडात बांधा. साहेबास्नी इचारलंय मी." ती तुमच्या मैंदर्गीचीच निघाली. म्हणजे कानडी सगळं कळलं होतं! अक्कम्माने शरमेने माझं नवंकोरं उपरणं फाडलं आणि एवढंसं लिंग बांधायला एवढं मोठं गाठोडं केलं, की मी बाजार करून आल्यासारखा आत गेलो.

आत हातात रबरी फुगा दिला, घाबरलात तर दाबा म्हणून. मी लगेच दाबला. मशीन अजून सुरूच झालं नव्हतं. पुढे जो खडखडाट सुटला, त्यात मला चक्क झोप लागली (यंत्रमागाशेजारी वाढलेला माणूस मी). झोपेत हललो, फोटो बिघडले आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. अक्कम्मा अजून हसतेय.

तुमचा दाजी,
कल्लप्पा

ता. क. महेश्वरीच्या घरी जाऊन बहिणीच्या वतीने माफी मागा. हात हलवत जाऊ नका.

ता. क. २. झोप लागली नव्हती, मेहुणे. रडू आलं होतं, म्हणून हललो. अक्कम्माला सांगू नका. सोमवारी डॉक्टर निकाल सांगणार आहेत, तुम्ही या. पाहुणा परत आला असेल तर मला धरायला कुणीतरी हवं. नसेल आला, तर मी दवाखान्यातच नाचेन, तेव्हाही धरायला तुम्हीच लागाल.