नागोबा, आमदार आणि आमची ओसरी

मु. पिंपळखेड, कामरगावजवळ
भाद्रपद शुद्ध दशमी, सन १९५७

तीर्थरूप मामांच्या पायांवर देवमनचे डोके. इकडे आई, गोजरा, बेबी आणि दोन्ही बैल खुशाल आहेत. तुमचा खोकला वाढल्याचे कळले. विडी सोडायला सांगणार नाही (तुम्ही ऐकणार नाही), पण रात्री हळद-दूध घेत जावे.

आपल्या आमदारसाहेबांनी कुठल्याशा बंगल्यात कोळशाने बाईचे चावट चित्र काढले, ही बातमी वाशीमलाही पोचली असेल. आमच्याकडे पेपर बसने आला आणि शेजारच्या जगदेवने तो पारावर मोठ्याने वाचला. चित्र छापण्याजोगे नाही, असे पेपरवाल्याने लिहिले होते (छापले असते तर लोक एकदा बघून शेतात डवरायला निघून गेले असते). पुढे अशीही ओळ होती की, प्रचारात मुक्काम पडेल त्या घराच्या भिंतीवर चित्र काढायची साहेबांना खोड आहे. झाले. माघात साहेब एक रात्र आमच्या ओसरीत झोपले होते, हे साऱ्या गावाला ठाऊक.

संध्याकाळपर्यंत ओसरी माणसांनी भरली. भिंतीवर होते काय, तर आईने नागपंचमीला कोळशाने काढलेले नाग-नागीण, एकमेकांना वेटोळे घातलेले आणि पावसाच्या ओलीने फिसकटलेले. आमदार आले माघात, नाग निघाले श्रावणात. पण एवढा विचार करायला सवड कोणाला? जगदेव म्हणाला, "हा पाह्य दंड." दुसऱ्याला पोटरी दिसली. बाया तोंडाला पदर लावून येत आणि सगळ्यांत जास्त वेळ त्याच थांबत. आई दारात बसून ओरडे, "नागोबा हायेत ते, मेल्यांनो. माह्या नागोबाले बाई कायले म्हणून राह्यले?" मला हसू येई, पण ते दाबावे लागे, कारण बेबीची सोयरीक कारंज्याच्या इंद्रभान पाटलांकडे ठरत आलेली. असल्या भिंतीच्या घरातली मुलगी कोण करणार? गोजराला तर लेकीच्या काळजीने घास गोड लागेना. शेवटी काल आईनेच नागोबाची क्षमा मागून भिंत शेणमातीने सारवून टाकली आणि मग गावाला मनसोक्त शिव्या दिल्या. आता घरात शांतता आहे, तुम्ही काळजी करू नये.

मामींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.
आपला भाचा,
देवमन

ता. क. पाटलांचा माणूस आत्ताच येऊन गेला. सोयरीक पक्की समजा म्हणाला. रविवारी पाटील साऱ्या भाऊबंदांना घेऊन सुपारी फोडायला येताहेत. त्यांनी एवढेच विचारले आहे की, चित्र अजून आहे ना? मी घाबरून हो म्हणालो.

आणखी ता. क. मामा, शाळेत पोरांना चित्रकला तुम्हीच शिकवता, तेव्हा शनिवारच्या बसने निघून या. आईला मी पोहरादेवीला दर्शनाला पाठवतो. नागच काढा. आईला त्यात नाग दिसावेत आणि पाटलांना बाई, एवढे सांभाळा. बेबीचे लग्न तुमच्या हातात आहे.