काळ्या पट्टीतली माणसं

अण्णा, आज आमच्या बैठकीच्या भिंतीला अकरा भोकं पाडली. लेकीची हौस. हल्ली फोटो एकेकटा लावत नाहीत म्हणे, सगळी भिंतच भरून टाकायची, लहानमोठ्या फ्रेमा एकमेकींना खेटून. सकाळपासून तिनं फ्रेमांच्या मापाचे रद्दीचे तुकडे कापून भिंतीवर चिकटवले, लांब जाऊन बघितलं, काढले, परत चिकटवले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "अगं, आधी दोरी धर की." फ्रेमा तिनं मोबाइलवरून मागवलेल्या. खोकं फोडलं आणि बघते तर काय. सगळ्या काळ्या. अकराच्या अकरा.

तिला काय सांगणार? तिच्या लेखी काळा रंग कशावरही उठून दिसतो, संपलं. आपल्या फ्रेमांच्या दुकानात काळी पट्टी गेलेल्या माणसाला आणि सोनेरी पट्टी हयात माणसाला, हे तिला कुठून ठाऊक असणार. गिऱ्हाईकानं फोटो पुढे केला की माप घ्यायच्या आधी तुम्ही चष्म्यावरून बघत हळूच विचारायचा, "हाय का गेलं?" गेले म्हटलं की काळी पट्टी, आणि वरच्या कोपऱ्यांना हार अडकवायला दोन पितळी खिळे. आज मी एकेक फोटो काचेखाली सरकवत होते आणि मागून तुमचाच आवाज. नातू दात काढून हसतोय. हाय का गेलं? हाय, अण्णा. जावई मोटारसायकलवर बसलाय. हाय. आमचे हे, मागच्या वर्षी अक्कलकोटला काढलेला फोटो. हाय हो, आत टीव्ही बघतायत. ओठ हलताना लेकीनं बघितलं आणि विचारलं, आई, कुणाशी बोलतेस? मी म्हटलं, मोजतेय.

तुम्हाला तो जानेवारी आठवतोय का? तुम्ही कुणाच्या तरी लग्नाला दोन दिवस कुर्डुवाडीला गेला होता आणि दुकान माझ्यावर टाकलं होतं. मी कॉलेजात, एकोणीस वर्षांची, शहाणपण उतू चाललेलं. दुपारी तुमचे मित्र आले, मागावर काम करणारे, रोज चारला तुमच्याबरोबर कटिंग चहा घेणारे. नवीन दोन खोल्या बांधल्या होत्या त्यांनी. आईचा फोटो घेऊन आले होते. म्हातारीची इच्छा होती, नव्या घराच्या भिंतीवर स्वतःला एकदा बघायचं. संध्याकाळी नेतो म्हणाले.

फोटो घेतला आणि बघते तर सोनेरी पट्टी पुरेना, वीतभर कमी. नवीन माल सोमवारी येणार. त्याच मापाची काळी पट्टी मात्र दुसऱ्या कुणासाठी तुम्ही कापून ठेवलेली, चारही कोपरे तयार. बाहेर गड्ड्याची जत्रा भरलेली, मैत्रिणी पाच वाजता येणार होत्या, मला पाळण्यात बसायचं होतं. पट्टी ती पट्टी, काय फरक पडतो, असं म्हणून मी ठोकली. खिळे त्या तुकड्यांना आधीच लावलेले होते, तेही तसेच ठेवले. वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधून दिली. त्यांनी दुकानात उघडून बघितली नाही. घरी जाऊन पुडकं तसंच आईच्या मांडीवर ठेवलं, कारण आधी तिनंच बघावं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही परत आला आणि तुमचे मित्र ती फ्रेम घेऊन दुकानात उभे राहिले. ओरडले नाहीत. म्हणाले, "आईनं बघितलं आन् मला इचारलं, मी गेले कधी?" तेव्हापासून म्हातारी त्या फोटोसमोर बसून होती म्हणे, जेवायला उठवलं तरी उठेना. तुम्ही माझ्याकडे वळला. "इचारलंस का, पोरी?" मी म्हटलं, विचारलं की. गेली म्हणाले. ते माझ्याकडे बघतच राहिले. तुम्हीही एकदा बघितलं, मग पाटावरची करवत सरळ केली, उगाच, आणि म्हणाला, "माझी पोरगी खोटं बोलत न्हाय." ते फ्रेम काउंटरवर ठेवून निघून गेले. पंधरवड्यात म्हातारी गेली. वय झालंच होतं तिचं, सगळे असंच म्हणाले. तुम्ही भेटायला गेला आणि दारातून परत आला. चारचा चहा तुम्ही त्यानंतर कधी घेतला नाही. विचारलं की म्हणायचा, पित्त होतंय.

तुम्ही गेला तेव्हा तुमचे ते मित्र आले होते. फाटकापाशीच उभे राहिले, चप्पल न काढता. मी पुढे झाले तर म्हणाले, "तुझ्या बापाचा मला राग न्हाय. मी बी माझ्या लेकीचंच ऐकलं असतं." म्हणजे मी खोटं बोलले होते हे ते विसरले नव्हते. तेव्हा तरी बोलायचं होतं मला. तुम्ही आत पांढऱ्या कापडाखाली, ते बाहेर फाटकात, आणि मी मधे, आणि माझ्या तोंडून साधं व्हय निघालं नाही. नंतर तेही गेले. आता सांगायला कुणी उरलं नाही.

भिंतीवरची मधली जागा लेकीनं तुमच्यासाठी ठेवलीये. तुमचा तो दुकानातला एकच फोटो, हातात काचकटर, मान खाली. दहा फ्रेमा भरल्या, अकरावी हातात घेतली आणि तुम्ही विचारलंत, हाय का गेलं? दुकान बंद केलं तेव्हा सोनेरी पट्टीची एक लांब काठी मी ठेवून घेतली होती, ती माळ्यावरून काढली. खालच्या मजल्यावरून करवत मागून आणली. चाळीस वर्षांनी कोपरे कापले. एका कोपऱ्यात फट राहिलीये, तुम्ही असता तर उखडून परत करायला लावलं असतं.

तर भिंतीवर आता दहा काळ्या आणि मधे तुमची सोनेरी. उरलेली काळी फ्रेम मी माझ्या साड्यांखाली ठेवलीये, ती कुणासाठी हे विचारायला लागणार नाही. लेक रुसलीये. सगळा मेळ बिघडवलास म्हणते, आजोबांनाच का वेगळं? खरं सांगायची संधी होती, अण्णा. शेजारी उभी होती ती, बैठकीत दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, आजोबांना काळा रंग आवडायचा नाही. आणि तिनं ते लगेच खरं मानलं.