चार मिनिटं बारा सेकंद

३ तारीख, सोमवार

डबा चालू आहे, पण आवाज नाही!

आम्ही जिचं घर रंगवतोय त्या आजीच्या हॉलमध्ये टीव्हीखालच्या कपाटात आहे तो. काळा, दोन विटा शेजारी ठेवल्या तर होईल एवढा. नेटवरून गाणी आणतो. त्याच्या शेजारी आवाज मोठा करणारी पेटी, आणि पेटीतून दोन स्पीकर. बरोबर चार वाजता डब्याची खिडकी आपोआप उजळली. आत गाण्याचं नाव सरकायला लागलं, सेकंद पळायला लागले – ०.०१, ०.०२ – आणि हॉलमध्ये चिडीचूप. मी शिडीवर होतो. रोलर हातात तसाच राहिला, रंगाचा थेंब कपाळावर.

आजी पाच मिनिटं आधीच केस विंचरून खुर्चीत येऊन बसली होती. गाणं तिचा मुलगा पाठवतो. तो लांब असतो, इथे चार वाजतात तेव्हा तिकडे सकाळ होते. उठला की एक गाणं निवडायचं आणि तिकडूनच इथे लावायचं, असा त्याचा रोजचा नेम. हे तिने पहिल्याच दिवशी आम्हा तिघांना ऐकवलं होतं – मला, लंबूला आणि मामाला. लंबू माझ्यासारखाच रंगारी, मामा आमचा मुकादम. तसा तो कुणाचाच मामा नाही.

आज ती शेवटच्या सेकंदापर्यंत बसली. मग उठली, "नेट बरं नसेल" म्हणाली आणि आत गेली.

गेल्या शनिवारी सकाळपर्यंत डबा धडधाकट होता. मग हॉलची भिंत घासायची म्हणून कपाट मी सरकवलं. वायरी मी काढल्या. धूळ जाऊ नये म्हणून डब्याची भोकं मी टेप लावून झाकली. आज सगळं परत मीच जोडलं. म्हणजे झालं ना – माझ्याच हातून गेलं.

मामाला सांगितलं. तो म्हणाला, "आपण भिंत रंगवतो. भिंतीपुढचं काहीही आपलं नाही. परत हात लावलास तर बॅग भरायची."

येत्या शनिवारी इथलं काम संपतं. मग दुसरं घर, दुसरा रस्ता. आजी मात्र रोज चारला मुकी खिडकी बघत बसणार.

४ तारीख, मंगळवार

मामा जेवून आडवा झाला की पाऊण तास हलत नाही. तेवढ्यात कपाटापुढे बसलो.

आधी मोठ्या पेटीचं बटण पूर्ण फिरवलं. काही नाही. स्पीकरच्या वायरी दाबून बघितल्या. लाल लालमध्ये, काळी काळीत – रंगाऱ्याला एवढं तरी कळतं. मग पेटीवर एक रेडिओचं बटण दिसलं. दाबलं. बातम्यावाला असा काही गरजला की लंबूच्या हातातला चहा सांडला आणि मामा आतल्या खोलीत "कोण आलंय" करत उठून बसला! आवाज पूर्ण फिरवून ठेवलेला मी विसरलोच होतो. लंबूने सांगितलं, खालून गाडी गेली. मामा परत झोपला.

पण कळलं! पेटी ठीक, स्पीकर ठीक. गाणं डब्यापर्यंत येतंय, कारण सेकंद पळतात. डब्यातून पेटीपर्यंत जात नाहीये. दोघांच्या मध्ये एकच वायर. बारीक, काळी, हलकी, विजेच्या वायरीसारखी वाटतच नाही. काढून बघितली, परत खुपसली. काही नाही.

मागे आजी उभी. कधीपासून कोण जाणे.

"रंगाऱ्या, भिंत तिकडे आहे."

मी उठलो. तिने मामाला सांगितलं नाही.

बेकरीत सात महिने काढले, टायरच्या दुकानात चार, गोदामात तर दोनच. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे. शाळासुद्धा सातवीत सोडली ती बसवत नव्हतं म्हणून. आज पाऊण तास एका जागी बसलो आणि कळलंही नाही.

५ तारीख, बुधवार

एक गंमत दिसली. गाण्याचं नाव भराभर सरकतं, मला वाचून होत नाही. पण खिडकीत उजवीकडे आकडा असतो – गाणं किती लांब आहे तो. आज ४.१२. काल ४.१२. सोमवारीही ४.१२ च होता, मला पक्कं आठवतं.

रोज नवं गाणं पाठवतो म्हणते. मग सगळी एकाच मापाची कशी? दारं एका मापाची असतात. गाणी कशी असतील?

लंबू म्हणाला, गाण्याचं माप काय घेतोस, छताचं घे.

आजी आजही बसली. आजही नेटच बरं नव्हतं.

आईचा फोन येऊन गेला. हाताला रंग होता म्हणून उचलला नाही. – खोटं. हात धुतलेले होते.

६ तारीख, गुरुवार

सकाळी इमारतीखालच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. म्हातारा आहे, चष्मा नाकाच्या टोकावर, पुढ्यात उघडे पडलेले रेडिओ. त्याला आजीच्या डब्याचं विचारलं. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाला, डब्यावरचं गोल बटण दाबून ठेव, आतली यादी उघडेल, आवाज कुठल्या वाटेने बाहेर सोडलाय ते बघ. आणि काहीच जमलं नाही तर मागे टाचणीएवढं भोक आहे, दाबलं की डबा सगळं विसरून नव्याने सुरू होतो. पण ते अगदी शेवटी.

दुपारी यादी उघडली. अडखळत वाचत गेलो. एका पानावर घड्याळाचं चित्र. पुढे १६.००. पुढे रोज. पुढे बरोबरची खूण.

१६.०० म्हणजे चार.

तिकडून कुणी काही पाठवतच नाही! डबाच स्वतः चारला उठतो आणि तेच ४.१२ लावतो. मुलाने घड्याळ लावलं आणि मोकळा झाला? आणि ही रोज केस विंचरून बसते? तिला माहीत आहे का? सांगू? कुठल्या तोंडाने सांगू?

डोकं भणभणलं. आणि तसल्या डोक्याने मी टाचणी शोधली. "अगदी शेवटी" म्हणाला होता तो. पण मला कुठला धीर.

डबा विझला. परत लागला. नवाकोरा. घड्याळाचं पान रिकामं, सगळं विसरला. खात्याचं नाव आणि पासवर्ड द्या म्हणतोय. मी कुठून देऊ?

चार वाजता खिडकी उजळलीसुद्धा नाही. आजी अंधाऱ्या काचेकडे बघत बसली. आज नेटला बोल लावला नाही.

७ तारीख, शुक्रवार

आज एवढं झालं की पानं पुरतील का बघतो.

सकाळी मामा रंग आणायला गेल्यावर आजीपुढे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "आजी, डबा मी बिघडवला. शनिवारी काहीतरी केलं, काय ते कळत नाही. काल टाचणी घातली. त्यातलं सगळं पुसलं गेलं."

घड्याळाचं तोंडावर येऊ दिलं नाही. तीच म्हणाली.

"घड्याळ पण?"

मी मान हलवली. तिने मला बस म्हटलं. मग सांगितलं सगळं, एखाद्या तिसऱ्याच बाईचं सांगावं तसं. तीन वर्षांमागे मुलगा आला होता तेव्हा डबा त्यानेच बसवला. स्वतःच्या खात्यावर, म्हणजे तिकडून फोनवर बोट ठेवलं की इथे गाणं लागेल. पहिलं वर्ष खरंच रोज लावायचा. मग रविवारचं. मग कधीमधी. मग फोनही थांबले. मी विचारलं, भांडण झालं का?

"भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं."

त्याने शेवटचं लावलेलं गाणं ते ४.१२ चं. तेच रोज चारला लागावं म्हणून तिने खालच्या दुरुस्तीवाल्याकडून घड्याळ लावून घेतलं. लोकांना सांगायला बरं पडतं, म्हणाली. म्हणजे म्हाताऱ्याला ठाऊक होतं! उगीच नाही चष्म्यावरून बघत होता.

मी म्हणालो, नव्याने सुरू करायला मुलाचा पासवर्ड लागेल. तिने कपाट उपसलं, पाकिटं झटकली, जुन्या बिलांच्या पाठी बघितल्या. पासवर्डची चिठ्ठी कुठेच नाही.

"तू कर त्याला फोन," म्हणाली.

"मी कोण म्हणून करू? रंगारी बोलतोय म्हणून?"

फोन मांडीवर घेऊन ती इतका वेळ बसली की मला वाटलं राहिलंच आता. आणि लावला. मी उठायला लागलो तर हाताने खाली बसवलं. तिकडचा आवाज झोपेतला, घाबरलेला – काय झालं, बरी आहेस ना? ही कोरडी ठणठणीत. मी बरी आहे, घर रंगवतेय, गाण्यांचा डबा बंद पडला, तुझा पासवर्ड लागतोय. तो म्हणाला, तो डबा अजून आहे? ही म्हणाली, चारला लागतो ना रोज.

तिकडे दिवा लावल्याचा खटका ऐकू आला.

मग तो म्हणाला, "अजून चारला बसतेस?"

"हो. पासवर्ड सांग."

तेरा अक्षरं. तो एकेक सांगत होता, ही एकेक परत म्हणून बिलाच्या पाठीवर उतरवत होती. अक्षरं तेरा, वेळ पाऊण तास! मधे मधे काय काय निघत होतं – गुडघा दुखतो का, भिंतीला कुठला रंग देतेस, तिकडे थंडी किती, मग पुढचं अक्षर.

तेवढ्यात मामा आला. मी खुर्चीत, तेही कपाटापुढे. त्याने तोंड उघडलं. आजीने फोनवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी बसवलंय त्याला. तुम्ही तुमच्या भिंती बघा." मामा मुकाट भिंतीकडे वळला. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पासवर्ड घातला. डबा जागा झाला. गाणं निवडलं, सेकंद पळायला लागले – आणि आवाज नाही! परत चिडीचूप! मला रडूच येणार होतं.

धावत खाली गेलो. दुरुस्तीवाल्याने वायर कशी आहे विचारलं. बारीक, हलकी, टोकाला काचेचा ठिपका. तो हसला. म्हणाला, "त्या वायरीत वीज नसते. उजेड असतो. डब्याच्या भोकातून लाल उजेड निघतो, तोच गाणं घेऊन जातो. पेटीकडचं टोक काढ आणि तळहातावर धर. डोळ्यात नको."

वायरीत उजेड! पायऱ्या दोन दोन चढलो. टोक काढलं, तळहातावर धरलं. काळोख. डब्याकडचं टोक काढलं. भोकात काळोख. टॉर्च मारून नीट बघितलं आणि पुट्टीच्या पत्र्याचा कोपरा हळूच आत घातला.

टेप निघाली.

माझीच. काळ्या डब्यावर काळी टेप, नखाएवढा चौकोन. मामाची शिकवण – टेप लावली तर ती लावलेली दिसता कामा नये. ब्लेडने भोकाच्या मापाने कापलेली, कडेला कड. बाकीच्या सगळ्या सोमवारी काढल्या, ही मलाच दिसली नाही. वायर खुपसली तशी ती आणखी आत गेली. मंगळवारी काढून बघितलं तेव्हाही काळ्या भोकात काळीच.

आणि उजेड! तळहातावर लाल ठिपका, मसुराच्या डाळीएवढा. रोज रंगाचे डबे ढवळतो, पण असला लाल कुठल्याच डब्यात बघितला नाही. कितीतरी वेळ बोटावर घेतला, मनगटावर घेतला. यात गाणं आहे? याच्यात?

वायर जोडली. अख्खा हॉल वाजला.

आजी अर्धं गाणं उभ्यानेच ऐकत होती. मग म्हणाली, बारीक कर, शेजारी काय म्हणतील. मामाने टेपचा तुकडा बोटावर घेऊन उलटसुलट बघितला.

"साफ लावली होतीस," म्हणाला. एवढंच.

निघताना आजीला विचारलं, घड्याळ परत लावून देऊ का? त्याच गाण्याला?

"नको. तेच तेच किती दिवस ऐकायचं."

रात्री आईला फोन केला. काय बोलायचं सुचेना. विचारलं, नळाला पाणी येतं का. येतं म्हणाली. मग अर्धा तास बोललो.

८ तारीख, शनिवार

काम संपलं. सामान खाली नेलं, एक बादली तेवढी राहिली होती. ती घ्यायला वर आलो. आजी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. खुर्ची रिकामी.

चार वाजले. खिडकी उजळली. मी घड्याळ लावलेलं नाही – कुणीच नाही! गाणं सुरू झालं. आजी ओल्या हातांनी दारात येऊन माझ्याकडे बघायला लागली. मी नाही, म्हणून दोन्ही हात वर केले, एकात बादली.

मग वाकून उजवीकडचा आकडा बघितला.

७.०५.