फाटलेलं वगळून

प्रिय बाळे,

काल रात्री फोनवर म्हणालीस, तो स्कूटरवरून पडलाय, हात मोडलाय, करायला कुणी नाही, म्हणून शुक्रवारी त्याच्याकडे परत जाते. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. मूग गिळून बसायची माझी जुनी खोड.

बाहुल्यांचे जुन्या वळणाचे झगे शिवायला नवं कापड चालत नाही, वीतभर बाहुलीच्या अंगावर ते तंबूसारखं उभं राहतं. म्हणून तू तुझे वापरलेले कपडे पाठवायचीस. अगं, चाळीस वर्षं कात्री चालवतेय मी. विरून फाटलेलं कुठलं आणि हिसडून फाडलेलं कुठलं, हे माझ्या बोटांना कळतं. काखेत टराटरा उसवलेली शिवण, कापडासकट उपटलेली बटणं, एका कॉलरवर धुऊनही न गेलेलं रक्त. सगळं दिसलं. आणि मी काय केलं? फाटलेलं वगळून उरलेल्यात झगे बेतले, लेस लावली, गिऱ्हाइकांची वाहवा घेतली. वर तुलाच ऐकवलं, की संसारात भांड्याला भांडं लागायचंच. लाज वाटते गं मला.

तू मैत्रिणीकडे निघून गेलीस, तर कालच, मंगळवारी भरदुपारी तो माझ्याकडे आला. तुझा पत्ता मागू लागला. नाही म्हटल्यावर फळीवरच्या बाहुल्या एकेक करून भिंतीवर आपटल्या. चिनी मातीची डोकी ती, खोलीभर खापऱ्या झाल्या. मग माझा गळा धरून डोकं मशीनवर आदळलं. आवाज न चढवता म्हणाला, "सापडू दे, तिचंही असंच फोडतो."

बाळे, तो स्कूटरवरून पडलेला नाही. माझ्या हाताला तापलेली इस्त्री लागली, ती मी त्याच्या हातावर घातली. हाड मोडल्याचं ऐकू आलं, तरी आणखी दोनदा घातली. मनगटावर भाजलंय ते सायलेन्सरनं, असंही सांगितलं असेल त्यानं. सासूनं बडवलं हे कुठल्या तोंडानं सांगणार?

आता इथून उठून पोलिसांत जाते, त्याचं आणि माझं दोन्ही सांगायला. मला आत टाकलं तर टाकू देत. फोनवर तू रडशील आणि मी पुन्हा 'बरं' म्हणेन, म्हणून हे लिहिलं. कुरिअरनं उद्या, गुरुवारी पोचेल. शुक्रवारी जाऊ नकोस. त्याचा हात महिन्याभरात जुळेल.

तुझीच,
आई