माय, तुझं वाकडं मनगट

प्रिय माय,

तू गेलीस तेव्हा रडून घेतलं, लिहिलं काहीच नाही. आज लिहितेय, कारण दुपारी रिसोडचा गजानन त्याच्या आईच्या अस्थी घेऊन गेला. त्यात अर्धं काम तुझं आहे.

माझं काम तुला कधी आवडलं नाही. "मेलेल्यायचे हाडं दाखवून पोरायले काय शिकवून राह्यली वं?" म्हणायचीस.

पोलिसांनी कोरड्या विहिरीत सापडलेला सांगाडा आमच्या मेडिकल कॉलेजात आणला होता. पन्नाशीची बाई, उजवं मनगट कधीकाळी मोडून वाकडं जुळलेलं. गजाननची आई दोन वर्षांपासून बेपत्ता, म्हणून तो चौकशीला आला. मी फॉर्मवरचा प्रश्न वाचला, पूर्वी हाड मोडलं होतं का? तो म्हणाला, "नाही मॅडम. माय कधी दवाखान्यात गेलीच नाही." मी "जुळत नाही" लिहिलं आणि त्याला वाटेला लावलं. इतकी वर्षं शिकवते, आणि अशी घाई!

दुसऱ्या दिवशी वर्गात तेच हाड हातात धरलं आणि तू आठवलीस. सोंगणीत बांधावरून पडलीस, शेजारच्या आजीनं उजव्या मनगटाला बांबूच्या कामट्या बांधल्या, आठ दिवसांत पुन्हा विळा धरलास. शेवटच्या आजारात दवाखान्याचा फॉर्म भरताना मी हाच प्रश्न विचारला, तर डाफरलीस, "लचकला व्हता. मोडला असता तं सोंगणी केली असती काय?" आणि मी, हाडांची मास्तरीण, "नाही" लिहून मोकळी! जन्मभर डाव्या हातानं भाकर थापलीस. दुखतं का गं, एवढंही मी कधी विचारलं नाही. चुकलं माझं, माय.

तास अर्धवट सोडून गजाननला फोन लावला. "तुमची आई भाकर कोणत्या हातानं थापायची?"

"डाव्या. उजवा वाकडा व्हता तिचा."

"अहो, मग काल काहून नाही सांगितलं?"

"तुमी मोडला काय इचारलं. वाकडा हाय काय, हे कुठं इचारलं?"

मग त्याचं रक्त डीएनए तपासणीला पाठवलं. हाडांशी जुळलं.

आमच्या विभागाचे साहेब म्हणतात, फॉर्म वरून येतो, बदलता येत नाही. नसेल येत! माझे विद्यार्थी आता घरच्यांना आधी विचारतात, विळा कसा धरायची, हंडा कोणत्या कमरेवर घ्यायची.

कपाटात अजून ओळख न पटलेल्या हाडांच्या पेट्या आहेत. काहींवर माझ्याच अक्षरात "जुळत नाही" लिहिलंय. शब्द देते तुला, ज्यांना मी परत पाठवलं त्या घरांची दारं मी स्वतः ठोठावणार. आधी सांगणार, चूक माझी होती. मग विचारायला बसणार.

तुझीच,
सुनंदा